भोकं बुजवणारी थोरली

बंदरावर थोरलीसमोर जांभई द्यायची कुणाची हिंमत नव्हती. उघडं तोंड दिसलं तर ही बाई तेही शिवून टाकेल, असं लोक म्हणायचे. थोरलीला ही चेष्टा वरवर खपायची नाही आणि मनातून फार आवडायची. जाळं दुरुस्त करण्यात तिचा हात धरणारं खरंच कुणी नव्हतं. ट्रॉलर धक्क्याला लागला की फाटकं जाळं आधी तिच्या शेडमध्ये यायचं. वर पत्रा, एका अंगाला बर्फाच्या कारखान्याची ओलसर भिंत, बाकी सगळं उघडं. मधल्या आडव्या वाशावर जाळं टांगलेलं आणि खाली पालथ्या क्रेटवर थोरली बसलेली, ओठांत सुताचं टोक धरून. अशा वेळी कुणी काही विचारलं तर ती नुसतं "हं" म्हणायची. त्या 'हं'चा अर्थ हो, नाही किंवा चालता हो यांपैकी कोणता, ते ज्यानं त्यानं समजून घ्यायचं.

घरातही तिचा हात स्वस्थ बसत नसे. खिडकीचा पडदा, खुराड्याची जाळी, भाजीची पिशवी, जिथं म्हणून फट दिसेल तिथं तिची सुई पोचायची. "अगं, बनियनला हात घालायला तरी दोन भोकं ठेव," असं तिचा नवरा म्हणायचा. नवरा त्यांच्या घरच्या ट्रॉलरवर तांडेल होता, म्हणजे समुद्रात बोट त्याच्या शब्दावर चालायची. घरात कुणाच्या शब्दावर चालायचं ते सांगायची गरज नाही.

दुसऱ्या कुणी शिवलेलं जाळं लोक बोटांनी ओढून, ताणून बघत. थोरलीचं म्हटलं की कुणी हात लावत नसे, तसंच बोटीवर चढवत. देवाच्या मूर्तीला टिचकी मारून बघतं का कोणी? हा मान तिनं कुणाकडे मागितला नव्हता. पण तो मिळतो की नाही, हे ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून रोज बघायची.

आणि मग घरात धाकटी आली.

धाकटी म्हणजे तिच्या दिराची बायको. मासेमारीच्या घरातली नव्हेच ती. बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे पान्हे आणि पंक्चरं यांत वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिला जाळ्याची साधी गाठ येत नव्हती. ती थोरलीनंच शिकवली, बोटं धरधरून. "कोंबडी चिखलातून गेल्यासारखं शिवतेस तू," असं ती धाकटीला चारचौघांत म्हणायची आणि धाकटी हसायची. ते हसणं थोरलीला तेव्हा बरं वाटायचं. शिकणारी कच्ची असली की शिकवणारीला शोभाच येते.

सगळं बिघडलं ते त्या लोखंडी चौकटीपायी.

मासळी खात्याच्या एक बाई जीपमधून ती चौकट घेऊन आल्या. तिरके गज बसवलेली, माणसाच्या छातीएवढी उंच. मच्छीमार सोसायटीच्या आवारात सगळ्यांना बसवून त्या सांगायला लागल्या. ट्रॉलरच्या जाळ्यात मासळीबरोबर कासवही शिरतं. मासळीचं पाण्याखाली काही अडत नाही, पण कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं. जाळं खालीच राहतं, आणि कासव आतल्या आत बुडून मरतं. यात बंदराला नवीन काही नव्हतं. मेलेलं कासव गपचूप परत पाण्यात ढकलायचं आणि घरी येऊन त्याविषयी बोलायचं नाही, अशी तिथली रीतच होती. बाई म्हणाल्या, ही कासवं आता संपत आलीत. जाळ्याच्या शेवटच्या पिशवीआधी ही चौकट बसवा. मासळी गजांमधून मागे पिशवीत जाईल. कासव गजांवर आपटून वर सरकेल. तिथं जाळ्याला एक खिडकी ठेवा, तिच्यावर जाळ्याचाच पडदा लावा. पडदा ढकलून कासव बाहेर पडेल.

"आणि त्याच्या मागोमाग माझी मासळी!" सोसायटीचे चेअरमन म्हणाले. त्यांना सगळे भोंगा म्हणत, कारण ते कानात बोलले तरी धक्क्यापर्यंत ऐकू जायचं.

बाईंनी विचारलं, इथं जाळ्यातलं सगळ्यांत चांगलं कुणाला कळतं? सगळ्या माना थोरलीकडे वळल्या. आता ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण थोरलीनं ती पुढे कधीच विसरली नाही: मान पहिल्यांदा तिच्याकडे आला होता. ताटात वाढून आला होता. आणि ती पदर खोचून उभी राहिली नि म्हणाली, "मी भोकं बुजवते बाई, पाडत नाही. भोकंच पाडायची तर उंदीर पाळा."

काय हशा पिकला! भोंग्याच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरली तो हशा अंगभर लेवून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी धाकटी त्या चौकटीपाशी उकिडवी बसलेली दिसली. "मी बघते करून," असं तिनं बाईंना सांगितलं होतं म्हणे. थोरली मनात म्हणाली, हिला सरळ टाका घालता येत नाही, ही निघाली खिडक्या करायला. पण धाकटीच्या डोक्यात सायकलचा व्हॉल्व्ह होता. हवा आत जाते, बाहेर येत नाही. तसं काही तरी. तिनं पडदा खिडकीपेक्षा चांगला मोठा कापला, पुढून आणि दोन्ही बाजूंनी थोडा थोडाच शिवला, मागची कड मोकळी सोडली. जाळं ओढलं जाताना पाण्याच्या दाबानं पडदा खिडकीवर चपून बसायचा, मासळी आतच राहायची. मोठ्या जनावराचा धक्का बसला तरच उघडायचा. दोन-तीनदा फसलं, मासळी गेली, तिच्या नवऱ्यानं तोंड वाकडं केलं. मग एक दिवस दोघे भाऊ परत आले ते ओरडतच आले. जाळं वर घेताना मोठं थोरलं कासव खिडकीतून निघून पाठीमागे पोहत गेलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि पिशवी भरलेली होती.

झालं. त्या दिवसापासून बंदराला धाकटीशिवाय सुचेना.

एकेक बोट तिच्याकडे यायला लागली. कासव आत धडपडायचं बंद झालं म्हणून जाळी फाटायचीही कमी झाली, आणि थोरलीच्या शेडमधला वासा कधी कधी चक्क रिकामा दिसायला लागला. पेपरात धाकटीचा फोटो आला. हातात सुई धरून हसतेय. सुई थोरलीची होती! लग्नाच्या पहिल्या वर्षी थोरलीनंच आपल्या पेटीतून काढून दिलेली. दिरानं तो फोटो बाहेरच्या खोलीत लावला, अगदी असा की थोरली चपला घालायला वाकली की धाकटी तिच्या डोक्यावर हसायची.

लोक विचारायचे, "वहिनी, अभिमान वाटत असेल नाही? तुमच्याच हाताखाली शिकली." "तर काय," थोरली म्हणायची, आणि त्या दिवशी तिला जेवण गोड लागत नसे. रात्री नवऱ्याला म्हणायची, "आयत्या बिळावर नागोबा नुसता." तो म्हणायचा, "बीळ तुलाच देत होते की आधी." ते फार झोंबायचं. दुसऱ्यानं हिसकावून घेतलेलं माणूस विसरतं एक वेळ. आपल्या हातानं लोटलेलं विसरता येत नाही.

बरं, धाकटी शेफारली असती तर थोरलीला भांडायला तोंड तरी झालं असतं. पण ती पूर्वीसारखीच. सकाळी चहाचा कप आधी थोरलीला. "जाऊबाई, हा टाका बघता का जरा?" थोरली बघायची, नाक मुरडायची, म्हणायची, "चालेल." तो टाका खरंच बेताचा असायचा. असल्या टाक्यांना लोक डोक्यावर घेऊन नाचतात, हे बघून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सोसायटीनं ठराव मात्र सावधपणे केला होता: या हंगामापुरती खिडकी सगळ्या बोटींनी लावायची, उपयोग दिसला तर ठेवायची, नाही तर काढून टाकायची. भोंग्याला आणि त्याच्यासारख्या काही जणांना ती काढायची घाईच झाली होती.

हंगाम सरत आला होता. एक दिवस दारात खात्याची गाडी उभी राहिली. पलीकडच्या बंदरावरच्या बायकांना खिडकी शिकवायला धाकटीला दोन दिवस न्यायचं होतं. मागच्या सीटवर ती एकटी बसली, काचेतून हात हलवला. थोरलीला आजवर गाडी न्यायला आली होती ती फक्त एकदा, अपेंडिक्स फुटलं तेव्हा. ती शेडमध्ये येऊन बसली. समोर घरचंच जाळं पसरलेलं होतं, दुपारी बोटीवर चढायचं होतं. माणसं डिझेल आणि बर्फ भरण्यात गुंतलेली. थोरलीनं बघितलं, खिडकीच्या पडद्याची एक बाजू उसवली होती, खडकाला घासून असेल.

तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनंच सुई घेतली. उसवलेली बाजू शिवली. मग दुसरी बाजू थोडी सैल वाटली, तीही शिवली, धाकटीनं जिथं थांबवली होती त्याच्या पुढेपर्यंत. मग मागची कड राहिली. मोकळी, लोंबती, कुणी तरी काम अर्धवट टाकून उठून गेल्यासारखी. थोरलीच्या बोटांनी ती कडही धरली.

हाताची सवय होती, हे खरं. हात काय करतोय हे मनाला कळत होतं, हेही खरं. आणि मन म्हणालं, एवढं काय होतंय, एका खेपेला. थोरलीनं शेवटची गाठ ओढली, सूत दातानं तोडलं. किती तरी दिवसांनी तिला शांत वाटलं.

दुपारी भावांनी जाळं चढवलं. खिडकी म्हणजे धाकटीचं काम, पडद्याची कड मोकळी आहे का हे कुणी बघितलं नाही, आणि तिथं थोरलीच्या हातचं काही असेल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बोट दुसऱ्या दिवशी परत आली तेव्हा ओरडा नव्हता. पिशवीत मासळी जेमतेम, आणि चौकटीच्या गजांवर आडवं अडकून मासळीची वाट अडवलेलं कासव, मेलेलं. आता मेलेलं कासव लपवायचं नाही, सोसायटीत आणून दाखवायचं असं ठरलेलं होतं. चौघांनी ताडपत्रीवर घालून आणलं. थोरली गर्दीत उभी होती. कासवाची मान एका बाजूला कलली होती, डोळे अर्धे मिटलेले, आणि पुढच्या वल्ह्यांसारख्या पायांच्या कडा सुताला घासून घासून सोलून निघाल्या होत्या. तिला वाईट वाटलं. पण खोटं कशाला सांगायचं, त्याच्याही आधी मनात आलं ते हे: आता बघू धाकटीचं तोंड कसं होतं.

तोंड व्हायचं तसंच झालं. धाकटी त्याच संध्याकाळी परतली, गाडीतून उतरून तशीच जाळ्यापाशी गेली, बराच वेळ पडद्यापाशी वाकून बसली. मग घरी आली. तिच्या नवऱ्यानं विचारलं, "चुकलं कसं गं?" ती म्हणाली, "चुकलं खरं." थोरलीनं भाकरी थापता थापता ते ऐकलं. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण पायात खडा असताना पेढा खावा तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीनं थोरलीच्या शेडमध्येच सगळ्यांना बोलावलं, कारण जाळं तिथं टांगलं होतं. भोंगा सुरू झाला. "खिडकी असून कासव मेलं! मासळी गेली ती गेलीच! मग ही ब्याद कशाला गळ्यात बांधायची? आजच्या आज सगळ्यांनी काढून टाका!" बऱ्याच माना डोलल्या. कुणी तरी म्हणालं, सायकलवालीच्या नादाला लागलो आपण. धाकटी कोपऱ्यात खांबाला टेकून उभी होती, मान खाली. थोरला आणि धाकटा, दोघे भाऊ जमिनीकडे बघत होते. थोरली पालथ्या क्रेटवर बसली होती. तिला फक्त गप्प बसायचं होतं. एवढं सोपं काम तिच्यावर आयुष्यात कधी पडलं नव्हतं. आता हात वर होतील, खिडक्या निघतील, भिंतीवरचा फोटो पिवळा पडेल आणि वासा पुन्हा जाळ्यांनी भरेल.

तेवढ्यात बंदरावरचा सगळ्यांत म्हातारा तांडेल पुढे झाला. मासेमारीच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. त्यानं पडदा हातात घेतला, अंगठ्यानं शिवण चाचपली, दोन्ही हातांनी जोर लावून ओढली.

"कासव मेलं ते वाईट झालं," तो म्हणाला, "पण शिवण बघा रे ही! एवढ्या जनावरानं धडका मारल्या, एक गाठ हलली नाही. असं काम मी जन्मात पाहिलं नाही." आणि तो मिस्कीलपणे थोरलीकडे वळला. "थोरले, संपलं बरं का तुझं राज्य! धाकटीचा हात तुझ्यावर गेला."

शेडमध्ये काही जण हसले.

थोरली उठली. कशी उठली ते तिलाही कळलं नाही. क्रेट मागे कलंडला.

"काय म्हणालात? धाकटीचा हात?" तिचा आवाज भोंग्याच्या वर चढला. "हिच्या सात पिढ्यांना जमेल का असली गाठ? डोळे गेले का तुमचे? इकडे बघा, फेरा कसा दोनदा घेतलाय! या बंदरावर अशी गाठ कोण मारतं? माझी आहे ती! सगळी शिवण माझी आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत!"

बर्फाच्या कारखान्यातलं यंत्र तेवढं घरघरत होतं.

"म्हणजे," भोंगा पहिल्यांदाच हळू बोलला, "खिडकी तुम्ही शिवून टाकली होती?"

आता मागे जायला वाट नव्हती. "हो. मी बंद केली. बंद दारातून कासव जाणार कसं, तुमच्या परवानगीनं? हिची खिडकी चांगली होती. उघडी होती तोवर चांगली होती."

नवरा तिच्याकडे असा बघत होता, जणू काही समुद्रात त्याला ओळखीचा किनारा सापडत नव्हता. म्हातारा तांडेल पडदा सोडून बाजूला झाला. ठराव भोंग्यालाच सांगावा लागला, नाइलाजानं: खिडक्या राहतील. लोक पांगायला लागले. जाता जाता एका बोटमालकानं कोपऱ्यातलं स्वतःचं जाळं उचललं, थोरलीनं परवाच दुरुस्त केलेलं, आणि खांद्यावर टाकण्याआधी त्याची शिवण बोटांनी ओढून बघितली. सगळ्यांसमोर. मग दुसऱ्यानं बघितली. थोरलीनं ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

शेडमध्ये दोघी जावा उरल्या. थोरलीनं कात्री घेतली आणि स्वतःचे टाके कापायला बसली. ते कापताही येत नव्हते लवकर. धाकटीनं न सांगता पडदा ताणून धरला.

"तुला कळलं कधी?" थोरलीनं वर न बघता विचारलं.

"काल संध्याकाळीच. गाठ तुमची आहे हे मला कळणार नाही, जाऊबाई?"

"मग बोलली का नाहीस? चांगुलपणा मिरवायला?"

"चांगुलपणा कसला डोंबलाचा," धाकटी म्हणाली, आणि तिच्या आवाजात पहिल्यांदा धार होती. "मी बोट दाखवलं असतं तर काय झालं असतं? स्वतःचं झाकायला जावेवर ढकलते, असंच म्हणाले असते सगळे. खिडकी तर गेलीच असती, वर घरात चुली वेगळ्या झाल्या असत्या. तुम्ही बोललात तरच काही होणार होतं. आणि तुम्ही बोलाल असं मला वाटलं नव्हतं."

थोरलीनं एक टाका कापला. "तुझ्यासाठी नाही बोलले मी. ध्यानात ठेव. त्या कासवासाठीही नाही."

"माहीत आहे मला," धाकटी म्हणाली. "त्या गाठीला माझं नाव लागलं, ते तुम्हाला सोसलं नाही."

थोरलीचा हात थांबला. आपला हेवा आपण किती बेमालूम झाकलाय, असं ती आजवर समजत होती. नवऱ्याला थोडा माहीत असेल, बाकी कुणाला नाही. आणि ही बाई तो रोज बघत होती, पहिल्यापासून, आणि रोज सकाळी पहिला कप तिच्याच हातात आणून देत होती. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. समोर धाकटीचे डोळे कोरडे होते, हेही तिला दिसलं, आणि त्याचासुद्धा तिला राग आला.